येशूचे चमत्कार आणि संदेष्ट्यांचे चमत्कार: सामर्थ्य कोणाचे?

प्रश्न: बायबलमधील अलीशा या संदेष्ट्यानेही मेलेला मुलगा उठवला. मग चमत्कारावरून येशूचे देवपण कसे सिद्ध होते?

उत्तर १: नुसत्या चमत्कारावरून होत नाही. तो कोणाच्या अधिकाराने झाला ते पाहा. बायबलच्या २ राजे या पुस्तकाच्या ४ थ्या अध्यायात अलीशा दार लावून परमेश्वराची प्रार्थना करतो. मार्क ४:३९ मध्ये येशू वाऱ्याला थेट धमकावतो, प्रार्थना नाही. मार्क २ तर आणखी ठळक: आधी पक्षाघाती माणसाच्या पापांची क्षमा, मग ‘ऊठ’. पापक्षमा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दिसणारे बरे होणे हा तिचा पुरावा. शास्त्री (यहुदी नियमशास्त्राचे शिक्षक) चिडले ते क्षमेवरून, कारण पापांची क्षमा फक्त देवच करू शकतो असे ते मानत. येशूचा शिष्य पेत्र मात्र एका पांगळ्याला बरे केल्यावर प्रेषितांची कृत्ये ३:१२ मध्ये स्वच्छ सांगतो, हे आमच्या सामर्थ्याने झालेले नाही.

उत्तर २: पण योहान ११:४१ मध्ये मेलेल्या लाजराला उठवण्याआधी त्याच्या कबरेपाशी येशूही पित्याशी (देवाशी) बोलतोच. म्हणजे ‘प्रार्थना नाही’ हा नियम सगळीकडे लागू करू नका.

उत्तर १: मान्य. तिथे तो मागत नाही, आभार मानतो; तेही लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून (वचन ४२).

उत्तर ३: बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातले १३:१-३ सुद्धा वाचा. संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह (चमत्कार) खरे ठरले तरी शिकवण दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकायचे नाही. लोक हे हमखास विसरतात.