समुद्रातली कोळंबी संपली म्हणता, मग अर्जेंटिनाचं काय?

दर्यावर्दी: उठसूट सगळे बोंब मारतात की समुद्र रिकामा झाला. अर्जेंटिनात 2005 ला लाल कोळंबी जेमतेम साडेसात हजार टन मिळाली होती, 2018 ला अडीच लाख टन. तळ्यात वाढवलेली नाही हां, जाळ्यातली. तिकडे आधी सर्व्हे करतात मग एकेक भाग उघडतात, म्हणून माल येतो. आपल्याकडे पावसाळ्याची दोन महिन्यांची बंदी पण जड जाते लोकांना.

खाडीकाठ: बंदीने कोळंबी येते होय? अमेरिकेत मेनच्या आखातात 2014 पासून कोळंबीचा धंदा बंद ठेवलाय, तरी तिचा पत्ता नाही कारण पाणीच तापलं. अर्जेंटिनाची लाल कोळंबी जगते दोनेक वर्षं, एखाद्या साली पाणी मानवलं की ढीग नाहीतर ठणठणाट. त्यात सरकारचं कर्तृत्व किती ते सांगा.

दर्यावर्दी: मेनची थंड पाण्यातली, तिची नि हिची तुलना कशाला. आणि बंद करायच्या आधी तिकडे कोट्याच्या वर मारली होती, ते बरं सोयीस्कर विसरलात.

जवळाप्रेमी: दोघंही टन धरून बसलात राव. टनांवरून पाण्यात किती आहे ते नाही कळत, बोटी किती निघाल्या ते कळतं. 2025 ला अर्जेंटिनात मोठ्या फ्रीझर बोटी पगाराच्या भांडणात कित्येक महिने बंदरात उभ्या होत्या कारण तळ्यात वाढवलेल्या वन्नामी जातीच्या कोळंबीने जगभर भाव पाडलेत, मग तेव्हा पकड घटली म्हणून कोळंबी घटली म्हणायचं का? अमेरिकेतल्या लुइझियानातही तेच रडगाणं, आयात मालाच्या भावात डिझेलसुद्धा सुटत नाही. आणि समुद्रातली कोळंबी पकडण्यात चीन पहिला पहिला करतात, त्यात आपल्या जवळ्याच्या भाऊबंदांचाच केवढा ढीग असतो, तो आणि मोठी टायगर कोळंबी एकाच तागडीत?

खाडीकाठ: जवळ्याचं पटलं. पण भाव पडला की बोटी कमी निघतात हे तिकडचं झालं, इथे कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो, भाव पडला की नाखवा अजून बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं जाळं टाकतो. करंदीएवढी पिल्लं पण येतात वर, टन तेवढेच दिसतात.

दर्यावर्दी: म्हणजे फिरून नियमांवरच आलात ना! तळाशी ओढत न्यायच्या ट्रॉल जाळ्यात कासव सुटायची सोय नाही म्हणून अमेरिका आपली समुद्रातली कोळंबी कित्येक वर्षं घेत नाहीये, तिकडे जाते ती सगळी तळ्यातली. आधी ते तरी बसवा.

जवळाप्रेमी: बसवा म्हणायला काय जातंय. कासवाबरोबर थोडी कोळंबी पण निसटते, ती भरून कोण देणार, बोटवाला पहिला हाच प्रश्न विचारतो.