मदत हवी आहे: रास्पबेरी पायला मातीच्या ओलाव्याचा सेन्सर लावला पण आकडा येत नाही

नमस्कार मंडळी, मी बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव वरुड तालुक्यात. सरांनी सुट्टीत शिकायला म्हणून लॅबमधला रास्पबेरी पाय ४ (हातावर मावणारा एका बोर्डाचा छोटा संगणक) घरी न्यायला दिला. आजपर्यंत प्रोग्रामिंग म्हणजे पीसीवर उत्तर छापून आलं की संपलं, इथे जीपीआयओझीरो (बोर्डाच्या पिना चालवायची) लायब्ररी घेऊन पायथनच्या दोन-चार ओळी लिहिल्या आणि १७ नंबरच्या पिनवरचा एलईडी उघडझाप करायला लागला, एवढा आनंद मला कोणत्याच प्रॅक्टिकलला झाला नव्हता.

आता खरं काम. आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं) बाबा डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतात, ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते फुलं येत नाहीत, जास्त झाला तर झाडच खराब होते. किती ताण बसला हे बाबा पानाकडे पाहून सांगतात आणि त्यांचा अंदाज चुकत नाही, पण त्या अंदाजासोबत मातीचा आकडा पण लिहून ठेवला तर पुढे मला आणि भावाला कामी येईल. म्हणून तीन वायरचा कपॅसिटिव्ह सेन्सर मागवला. तो पिनला लावला तर फक्त ० नाहीतर १ दाखवते, मधलं काहीच नाही. सेन्सर खराब आहे का?

दुसरं, बोर्डाला जोडलेल्या टीव्हीच्या स्क्रीनवर कोपऱ्यात पिवळी वीज चमकते ती कशाची? मोबाईलचा चार्जर लावला आहे. आणि आमच्याकडे लाईन कधीही जाते, त्याने बोर्डाचं मेमरी कार्ड खराब होईल का? बोर्ड कॉलेजचा आहे म्हणून जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद:
ताई, सेन्सर चांगला आहे, काळजी करू नको. रास्पबेरी पायला अॅनालॉग (कमी-जास्त व्होल्टेज मोजणारं) इनपुटच नाही, पिनला फक्त आहे-नाही एवढंच कळते. मधे एडीएस१११५ नावाचं छोटं मॉड्यूल लाव, ते सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करून पायला देते. ते आय२सीवर (दोन वायरींवरून माहिती पाठवायची पद्धत) चालते, त्यातली एसडीए वायर बोर्डावर मोजून ३ नंबरच्या पिनला (म्हणजे जीपीआयओ २), एससीएल ५ नंबरच्या (जीपीआयओ ३), आणि रास्पी-कॉन्फिग या सेटिंगमधे आय२सी चालू कर. मॉड्यूल आणि सेन्सर दोघांनाही सप्लाय ३.३ व्होल्टचाच दे, ५ चा अजिबात नको, पायच्या पिना ३.३ च्या वर सहन करत नाहीत आणि एकदा जळली की दुरुस्ती नाही.

पिवळी वीज म्हणजे व्होल्टेज कमी पडून राहिलं. या बोर्डाला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर लागते. लाईन गेल्यावर कार्ड खराब होऊ शकते, हो, त्यासाठी ओव्हरले फाइल सिस्टीम (कार्डावर काही लिहिलं जात नाही अशी सोय) चालू करून रीडिंग पेनड्राइव्हवर लिहीत जा. पण माझं ऐकशील तर बागेत हा बोर्ड नेऊच नको. तिथे रास्पबेरी पाय पिको (त्याच कंपनीचा लहान, साधा बोर्ड) ठेव, त्याला अॅनालॉग पिना आहेत, मेमरी कार्ड लागत नाही, लाईन गेली आली तरी आपोआप सुरू होते. मोठा बोर्ड घरी ठेवून त्यावर आकडे साठव, ग्राफ काढ.

आणि राजेहो, मुख्य गोष्ट तर मातीची आहे. आपली काळी जमीन ताणात भेगा पाडते, सेन्सरच्या बाजूला भेग पडली तर तो हवा मोजते आणि माती आहे त्याहून कोरडी दाखवते. माती घट्ट दाबून बसव, एका झाडाला दोन सेन्सर दे, ड्रिपरच्या अगदी खाली नको, थोडा बाजूला, वीतभर खोल. वरची इलेक्ट्रॉनिक्सची बाजू उघडी असते, तिला पाणी लागू देऊ नको. नेटवरचे टक्के वापरू नको, भरपूर पाणी दिल्यावरचा आकडा आणि बाबा "आता बस" म्हणतील त्या दिवशीचा आकडा, हेच तुझे दोन टोक.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद दादा! भेगेचं तर डोक्यातच नव्हतं आलं. एडीएस१११५ आजच ऑर्डर करते. पिको शेडमधे ठेवून सेन्सरची वायर २०-२५ फूट लांब ओढली तर रीडिंग बरोबर येईल का, की बोर्ड झाडाजवळच ठेवावा लागेल?