मदत हवी आहे: बुशमधलं रबर फक्त आतल्या नळीवरून सुटतंय, तेही पावसाळा लागल्यापासून

नमस्कार मंडळी,

वाळूज एमआयडीसीत आमचं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. दुचाकीच्या सस्पेन्शनला लागणारे बुश करतो. आत एक पोलादी नळी, बाहेर दुसरी, आणि मधे नैसर्गिक रबर. उन्हाळाभर माल बिनतक्रार गेला. मृगाच्या सरींनंतर बाँडिंगचं रिजेक्शन सुरू झालं, ते हटायला तयार नाही.

आमची पद्धत सांगतो. नळ्या गरम अल्कलाइन बाथमध्ये धुतो, साध्या पाण्यातून काढून वाळवतो, मग ग्रिट ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने कठीण बारीक कण मारून पृष्ठभाग खरखरीत करणं. ब्लास्टिंग झाल्यावर दोन तासांच्या आत प्रायमर, म्हणजे धातूला धरणारा चिकटद्रव्याचा पहिला थर लागतो, तो वाळला की टॉपकोट, म्हणजे रबराला धरणारा वरचा थर. सुकी फिल्म प्रायमरची ५ ते १० मायक्रॉन, टॉपकोटची १२ ते २५ च्या मधे. दोन्ही डबे वापरण्याआधी तळापासून ढवळतो, कारण यातला भरीव माल खाली बसतो आणि वरवरचं पातळ ओतलं तर नावालाच कोट लागतो. क्युरिंग, म्हणजे उष्णतेने रबर पक्कं करणं, कॉम्प्रेशन मोल्डमध्ये, १५० अंशांना. रबराचं मिश्रण (कंपाउंड) तेच, मोल्ड तेच, माणसंही तीच.

आता लक्षण. प्रेसवर बुश दाबून बघितला की आतली नळी अलगद बाहेर येते. ती हातात घेतली तर पूर्ण राखाडी, ब्लास्टिंगची खरखर नखाला लागते, रबराचा कणही नाही. रबराच्या भोकात बॅटरी मारली तर प्रायमरची करडी साल तिकडे चिकटलेली दिसते. रबर-धातू जोडाच्या चाचणीचं मानक एएसटीएम डी ४२९, त्यामध्ये निकामी जोडाला जी अक्षरं दिलीत त्यात हा सरळ ‘एम’ झाला, म्हणजे धातू आणि प्रायमर यांच्यातच फारकत. उन्हाळ्यात ‘आर’ यायचा, रबर स्वतः फाटायचं आणि दोन्ही नळ्यांवर काळा थर राहायचा.

बाहेरची नळी मात्र अजून घट्ट आहे. हा भाग कुणाच्या तरी गाडीत बसणार आहे, त्यामुळे अंदाजपंचे काही करायची इच्छा नाही. शोध कुठून सुरू करू?

जालना_रोलिंग:
दादा, हवा बघा आधी. ब्लास्ट केलेलं पोलाद म्हणजे उघडी जखम, दमट हवेत त्यावर डोळ्यांना न दिसणारा गंज धरतो. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर कोट लावूच नये. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त पाहिजे. आणखी एक गोष्ट लोक विसरतात, कोटमधलं टोल्युइनसारखं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, आणि त्या गारव्यावर हवेतलं पाणी बसतं. आपल्याकडे मे महिन्यात उलटा त्रास असतो, हवा इतकी कोरडी आणि तापलेली की स्प्रे नळीपर्यंत पोचेतो वाटेतच वाळतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पडतात.

धागाकर्ता:
भाऊ, हे मनात होतंच. प्रायमरच्या आधी नळ्या ओव्हनमध्ये कोमट करून घेतो, त्यामुळे पाणी बसत असेल असं वाटत नाही. सुटलेल्या नळीवर भिंगातूनही तांबूस ठिपका दिसत नाही.

डिझाइनवाला:
आतल्या नळीवर ताण मुळातच जास्त असतो हे लक्षात घ्या. समजा आतल्या नळीचा बाहेरचा व्यास १६ मिमी आणि बाहेरच्या नळीचा आतला व्यास ३२ मिमी. जोर तोच, लांबी तीच, पण आतलं क्षेत्रफळ निम्मं, म्हणजे कातर ताण (रबर नळीवरून सरकवू पाहणारा ताण) दुप्पट. त्यामुळे आतली बाजू आधी जाणं स्वाभाविक आहे. रबर जास्त कडक झालंय का, हेही बघा.

जुना_प्रेसवाला:
डिझाइनवाले साहेब, गणित बरोबर आहे, पण ताणामुळे तुटलं असतं तर आतल्या नळीजवळचं रबर फाटलं असतं आणि नळीवर काळं राहिलं असतं. इथे नळी कोरी आहे. चांगला जोड रबरापेक्षा मजबूत असतो, तो धातूवरून सोलून येत नाही. ज्यादा ताणाने फक्त कच्चा जोड उघडा पाडला.

धागाकर्ते दादा, तुमच्याच प्रश्नात अर्धं उत्तर आहे. दोन्ही नळ्यांना एकच हवा, एकच प्रायमर, एकच पावसाळा. हवामान दोषी असतं तर दोन्हीकडे त्याची खूण दिसायला हवी होती. मग त्या दोघींत वेगळं काय? आतली नळी कुठून येते? बाहेरची कुठून? टर्निंग (लेथवरचं काम) कोण करतं, आणि तो माल देताना वर काय लावतो?

उत्तर शोधेपर्यंत शॉपमध्ये तीन गोष्टी करा, खर्च नाही.

धुऊन आलेली, ब्लास्टिंगच्या आधीची नळी पाण्यात बुडवून उभी धरा. पाण्याचा सलग पडदा राहिला तर तेल गेलंय. पडदा फाटून थेंब-थेंब झाले तर तेल आहेच, मग बाथ कितीही गरम असो. बाहेरच्या नळीचंही तसंच बघा, म्हणजे तुलना होईल.

ब्लास्टिंग कॅबिनेटमधली मूठभर ग्रिट स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या, पाणी घाला, हलवा, थोडा वेळ ठेवा. वर इंद्रधनुषी तवंग आला तर तुमची ग्रिट तेलकट झालीय आणि ब्लास्टिंग करताना तुम्ही तेलच ठोकून बसवताय.

तिसरं, ग्रिट बंद करून नोझलची नुसती हवा पांढऱ्या टीपकागदावर एक मिनिट सोडा. डाग पडला तर दोष कॉम्प्रेसरचा. पावसाळ्यात लाइनमध्ये पाणी जास्त साठतं, त्यामुळे हे तपासल्याशिवाय सोडू नका.

धागाकर्ता:
काका, तिन्ही करून बघितलं. टीपकागद कोरा राहिला. बाहेरच्या नळीवर पाणी सलग राहतं, आतल्या नळीवर एका कडेने फाटतं. बाटलीत तवंग आला, पातळ पण स्पष्ट.

बाहेरची नळी आमच्याच शेजारच्या शेडमध्ये कापून होते. आतली नळी टर्निंगला बाहेर जाते. फोन केला तर तिथले म्हणाले, पाऊस लागला की टेम्पोत माल गंजू नये म्हणून ते दरवर्षी जाड, मेणासारखं गंजरोधक तेल लावतात. मागच्या वर्षी हा पार्ट आमच्याकडे नव्हता, म्हणून कळलं नाही. म्हणजे उन्हाळ्यातलं पातळ तेल आमच्या बाथमध्ये निघत होतं, हे निघत नाही. माझी खात्री पटली.

आता दोन प्रश्न. बाथचं काय करू? आणि तयार पडलेल्या मालाचं काय?

जुना_प्रेसवाला:
टर्निंगवाल्याला पाण्याने धुतलं जाणारं गंजरोधक लावायला सांगा. हा सगळ्यात स्वस्त इलाज. तोपर्यंत दोन टाक्या करा. पहिलीत बरंचसं तेल उतरेल, दुसरी स्वच्छ ठेवा, आणि दोन्हींवर तरंगणारं तेल रोज काढा, नाहीतर नळी वर काढताना तेच परत अंगाला लागतं. फडक्याने थिनर पुसण्याच्या भानगडीत पडू नका, दहाव्या नळीपासून फडकं तेल पुसत नाही, वाटत सुटतं.

ग्रिट मात्र सगळी बदला. जुन्यात नवी मिसळून उपयोग नाही. कॅबिनेटच्या भिंती, होज, डस्ट कलेक्टर सगळं पुसून घ्या. हे केलं नाहीत तर पुढच्या महिन्यात बाहेरची नळीही सुटायला लागेल, कारण कॅबिनेट एकच आहे. धुतल्यानंतर नळीला उघडा हात नको, सुती हातमोजे घाला आणि ते वेळच्या वेळी बदला.

कोट लागलेल्या पण मोल्डमध्ये न गेलेल्या नळ्या पुन्हा पहिल्यापासून धुऊन, ब्लास्ट करून घ्या. मोल्ड झालेले बुश फोडून नळ्या वाचवायच्या म्हणून उघड्यावर जाळू नका. या ॲडहेसिव्हमध्ये क्लोरिनयुक्त पॉलिमर असतात, धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल येतं, माणसांना बाधतं आणि शेडमधलं लोखंडही खातं.

धागाकर्ता:
आणि तयार बुश? प्रत्येक लॉटमधले काही तोडून बघितले आणि पास झाले, तर बाकीचे पाठवता येतील का?

जुना_प्रेसवाला:
नाही. तेल सगळ्या नळ्यांवर सारखं नसतं, त्यामुळे तोडलेले पास झाले म्हणून न तोडलेल्यांची हमी मिळत नाही. असा जोड आज भार सोसेल, पण कडेने पाणी शिरलं की प्रायमरखाली गंज सरकत जातो आणि काही महिन्यांनी सुटतो. जाड तेल सुरू झाल्यापासूनचे सगळे लॉट बाजूला काढा, लाल टॅग लावा. त्यातला जो माल पार्टीकडे गेलाय, त्याचे लॉट नंबर आज लेखी कळवा, सोबत सुटलेल्या नळीचा आणि बाटलीतल्या तवंगाचा फोटो जोडा.

धागाकर्ता:
टॅग लावून झाले. टर्निंगच्या चलनांवरून लॉट जुळवतोय, पार्टीला मेल आज संध्याकाळी जाईल. नवी ग्रिट उद्या येतेय, पहिल्या लॉटच्या पुश-आउटचे (प्रेसवर नळी दाबून बघण्याचे) निकाल इथेच टाकतो.