बिबड्यांची खाट आणि जिजीचे गुडघे

चोपडेकर :
काल शेजारच्या गच्चीवर बिबड्यांची, म्हणजे आपल्या ज्वारीच्या पापडांची, वाळत घातलेली खाट पाहिली आणि जिजी आठवली. वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत ती ज्वारीचा गरम घाटा ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापत असे, फडके भरले की गुडघ्यावर हात टेकवून स्वतः उठत असे आणि ते खाटेवर उलथवीत असे. पुढे आम्ही मायेपोटी 'आता बसून राहा' म्हणत तिच्या हातातले एकेक काम काढून घेतले. वर्षभरात तिला न्हाणीघरापर्यंत जायलाही आधार लागू लागला. आपल्या घरचे अनुभव लिहावेत.

भुसावळकर :
ताई, आम्हीही हेच केले. आप्पांच्या खुब्याचे हाड मोडल्यानंतर व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला लावले, तेव्हा पहिल्या आठवड्यात चार वेळाही जमले नाही. आता ते सकाळ-संध्याकाळ दहा वेळा उठतात. नुसते चालणे पुरत नाही, पासष्टीनंतर आठवड्यातून निदान ३ दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम हवाच, हे आम्हाला आप्पा पडल्यानंतर कळले.

मेहरूणचा फिरस्ता :
मी ७२ वर्षांचा आहे. गेल्या मे महिन्यात तलावावर फिरताना मला भोवळ आली, आणि त्या क्षणीही तहान जाणवत नव्हती. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते, असे डॉक्टरांनी सांगितले. जळगावच्या उन्हात आता साडेपाचलाच निघतो आणि निघण्यापूर्वी तांब्यातले पाणी, इच्छा असो वा नसो, पितो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, त्यांनी मात्र किती प्यावे हे विचारून घ्यावे.

धुळ्याची सून :
घाट्यात लसूण घालता का?

चोपडेकर :
लसूण, तीळ आणि मिरची. तुमच्याकडे लसूण कोण सोलते?

धुळ्याची सून :
७८ वर्षांच्या सासूबाई. मी सोलायला घेतला तर ताट ओढून घेतात.

अमळनेरकर नाना :
पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून मी दर आठवड्याला एकटाच धुळ्याला बहिणीकडे जातो. मुलगा मोटारीने सोडतो म्हणतो. पण ती उंच पायरी दांडी धरून चढणे हाच माझा व्यायाम आहे. वाहक आधाराला हात पुढे करतो, तेव्हा मी त्यात पिशवी देतो.