जॅक कर्बी यांची शैली नेमकी कुठे घडली?

प्रश्न

१९६०च्या दशकात चित्रकार जॅक कर्बी यांनी मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकासाठी काढलेली चित्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु १९४१च्या ‘कॅप्टन अमेरिका’ या कॉमिक्स मालिकेच्या पहिल्याच अंकात आकृत्या चौकटीची रेघ ओलांडून बाहेर झेपावताना दिसतात. तेवीस वर्षांच्या चित्रकाराकडे एवढी तयारी आली कुठून? ॲनिमेशनमधील त्यांच्या नोकरीचा हा परिणाम मानावा का?

प्रतिसाद १

काही अंशीच. फ्लायशर स्टुडिओत ते ‘पॉपाय’च्या कार्टूनपटांसाठी दोन मुख्य चित्रांमधली चित्रे काढत, हात उगारल्यापासून ठोसा बसेपर्यंतचा प्रत्येक टप्पा कागदावर उतरवावा लागे, त्यामुळे हालचालीची जाण नक्कीच पक्की झाली असणार. मात्र वडील कपड्यांच्या कारखान्यात राबत असल्याने तो स्टुडिओही त्यांना कारखान्यासारखाच वाटला आणि त्यांनी तो सोडला. माझ्या मते खरी घडण झाली ती वृत्तपत्रांना चित्रे पुरवणाऱ्या लिंकन न्यूजपेपर सिंडिकेटमध्ये: तिथे एकच तरुण निरनिराळ्या टोपणनावांनी राजकीय व्यंगचित्रे, साहसकथा आणि चक्क आरोग्यसल्ल्याची चित्रेही काढत होता. वेग आणि विविधता ही पोटासाठी अंगवळणी पडलेली गोष्ट होती.

प्रतिसाद २

यात न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचा उल्लेख हवाच. त्या दाट वस्तीत मुलांच्या टोळ्यांमधल्या मारामाऱ्या कर्बींनी स्वतः अनुभवल्या होत्या. त्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरच्या जबड्यावर बसणारा ठोसा पाहा. त्यात खांद्यापासून टाचेपर्यंत सारे शरीर उतरलेले आहे. अंकावर मार्च १९४१ असे छापलेले असले, तरी तो डिसेंबर १९४०मध्येच विक्रीस आला, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या सुमारे वर्षभर आधी. ज्यू कुटुंबातल्या या चित्रकारासाठी तो ठोसा मनापासूनचा होता, याविषयी मला शंका नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग अवघ्या दहा अंकांनंतर त्यांनी ही मालिका का सोडली?

प्रतिसाद १

नफ्यातील ठरलेला वाटा मिळत नाही, अशी कर्बी आणि त्यांचे सहकारी जो सायमन यांची खात्री झाली, आणि त्यांनी प्रतिस्पर्धी प्रकाशकाशी बोलणी सुरू केली. तरीही हे दहा अंक क्रमाने पाहावेत. पेन्सिलने काढलेले मूळ चित्र कर्बींचे असले तरी त्यावर शाईने रेषा गिरवणारा हात बऱ्याचदा दुसऱ्यांचा आहे, त्यामुळे रेषेपेक्षा मांडणीकडे लक्ष द्यावे. पुढच्या अंकांत तर चित्र थेट समोरासमोरच्या दोन पानांवर पसरते.