मेमरी कार्ड गेलं तेव्हा नेमकं काय झालं? : अनुभव धागा

लग्न, बारसं, जत्रा, शेतातल्या नोंदी, गाडीतला कॅमेरा... कितीतरी गोष्टी आज नखाएवढ्या कार्डावर असतात. ते बंद पडलं की जीव कासावीस होतो आणि घाईत असं काहीतरी केलं जातं की जे वाचलं असतं तेही जातं. म्हणून हा धागा. लिहिताना तीन गोष्टी जरूर सांगा: कार्ड जाण्याआधी काय चाललं होतं, लक्षण काय दिसलं आणि त्यानंतर लगेच काय केलंत. कंपनीचं नाव मात्र नको. नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली कार्डं इतकी खपतात की एकट्यादुकट्या अनुभवावरून काही ठरवणं अन्यायाचं होईल.

थोडी पार्श्वभूमी. फ्लॅश मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी शोधली. आज कार्डात असते ती नँड जातीची चिप १९८७ साली जगापुढे आली, एसडी कार्ड १९९९ मध्ये. चिपमधल्या प्रत्येक पेशीत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात आणि भोवती अतिशय पातळ थर असतो. लिहिताना-पुसताना ते इलेक्ट्रॉन जास्त व्होल्टेज देऊन थराच्या आरपार ढकलावे लागतात, आणि दर वेळी थर थोडा झिजतो. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या चिपा लाखभर वेळा लिहून-पुसून घेत. हल्लीच्या स्वस्त चिपा एका पेशीत तीन किंवा चार बिट ठेवतात. त्यांचं आयुष्य साधारण हजार-दोन हजार वेळांचं, कधी त्याहूनही कमी. एकाच जागेची झीज होऊ नये म्हणून कार्डातला छोटा कंट्रोलर मजकूर सतत इकडून तिकडे हलवत असतो. हे काम चालू असताना वीज गेली तर काय होतं, ते खालच्या अनुभवांत येईलच.

सातारा, लग्नाची फोटोग्राफी

हळदीपासून मंगलाष्टकांपर्यंत सगळं एका कार्डावर. वरात निघायच्या वेळी कॅमेऱ्याने ‘कार्ड वाचता येत नाही’ असं दाखवलं. लॅपटॉपला लावलं तर त्याने फॉरमॅट करायचं का म्हणून विचारलं. नाही म्हटलं, कार्ड काढलं, पाकिटात घालून वर तारीख लिहिली आणि पुढचं काम दुसऱ्या कार्डावर केलं. त्या कार्डावर नंतर एक फोटोसुद्धा काढला नाही.

घरी आल्यावर आधी डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने पूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत हार्डडिस्कवर घेतली. मग त्या प्रतीवर फोटोरेक चालवलं. हा फुकट मिळणारा प्रोग्राम फाइलींची यादी बघतच नाही, फोटोची सुरुवात ज्या ठरावीक खुणेने होते ती खूण शोधत जातो. त्यामुळे बहुतेक फोटो मिळाले, पण नावं आणि क्रम गेला. काही फोटोंचा खालचा अर्धा भाग नुसता करडा. कन्यादानाचे चांगले निघाले, यावर मी त्या दिवशी समाधान मानलं. आता दोन कार्डं बसणारा कॅमेराच लग्नाला नेतो आणि दोन्हींवर तेच फोटो एकाच वेळी लिहिले जातात. लग्न परत लागत नाही. एका कार्डाच्या भरवशावर लोकांच्या घरचं कार्य टिपायला जाणं मला पटत नाही.

कुडाळ

आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार असतो. आख्यान रंगात आलेलं, कॅमेरा अडॅप्टरवर, आणि लाईट गेली. जनरेटर लागेपर्यंत कॅमेरा बंद. नंतर बघितलं तर फाइल होती, आकारही कित्येक जीबी, पण कुठल्याच प्लेअरवर चालेना.

गावातल्या एका मुलाने कारण सांगितलं. एमपीफोर फाइलीत कुठलं चित्र कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहितात. चित्रं सगळी आत होती, अनुक्रमणिका नव्हती. त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाच्या प्रोग्रामने ती परत बांधली. शेवटचे काही क्षण सोडले तर युद्धाच्या प्रवेशापर्यंत सगळं मिळालं. संकासुराचं काम करणारे ते बुजुर्ग कलाकार आता रंगमंचावर उभे राहत नाहीत, म्हणून त्या फाइलीचं मोल फार. कॅमेऱ्यात बॅटरी ठेवूनच अडॅप्टर लावायचा आणि दर अर्ध्या तासाने रेकॉर्डिंग थांबवून परत सुरू करायचं, ही रीत तेव्हापासून पाळतो.

निफाड, द्राक्षबाग

द्राक्षावरच्या केवडा रोगाचा अंदाज यावा म्हणून बागेत पानांचा ओलावा आणि तापमान मोजणारी जुळणी केली आहे, रास्पबेरी पाय या छोट्या, मेमरी कार्डावर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर. आमच्याकडे लाईटचा काही नेम नाही. दर मिनिटाला कार्डावर नोंद आणि अधूनमधून वीज गायब. काही महिन्यांत कार्डावरून मशीन सुरूच होईना. नवं कार्ड टाकलं, तेही गेलं. आता नोंदी आधी रॅममध्ये साठतात आणि तासाला एकदाच कार्डावर उतरतात. शिवाय छोटी बॅटरी जोडली आहे, लाईट गेली की मशीन स्वतः व्यवस्थित बंद होतं. छाटणीपासून माल निघेपर्यंत पूर्ण हंगाम त्याच कार्डावर निघाला.

धागाकर्ता: निफाडच्या अनुभवावरून आठवलं. जानेवारी २००४ मध्ये नासाचं स्पिरिट रोव्हर मंगळावर उतरून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ते सारखं बंद-चालू होऊ लागलं. फ्लॅशमध्ये फाइली इतक्या साठल्या होत्या की त्यांची यादी सांभाळताना रॅम पुरेना. चिप धडधाकट होती. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ते फ्लॅशला हात न लावता सुरू केलं, मग सफाई झाली आणि रोव्हर पुढे कित्येक वर्षं चाललं. बिघाड दरवेळी चिपचाच असतो असं नाही, म्हणून लक्षणं नीट लिहा ही विनंती.

नागपूर, टॅक्सी

सिग्नलला मागून ठोकलं. समोरचा म्हणे चूक तुमची. म्हटलं कॅमेरा आहे, बघून घेऊ. कार्ड काढलं तर शेवटचा व्हिडिओ कित्येक आठवडे जुना! कॅमेऱ्याचा लाल दिवा तर रोज लुकलुकत होता. घरी येऊन जुने व्हिडिओ पुसले, कार्ड काढून परत लावलं, तर सगळे पुन्हा हजर. फॉरमॅट झालं असं कॉम्प्युटर सांगतो आणि फाइली तशाच.

दुकानदाराने समजावलं: कार्ड झिजून संपलं की काही कंट्रोलर लिहिणंच बंद करतात, वाचू मात्र देतात. गाडीतला कॅमेरा जुनं पुसून त्याच जागी नवं लिहीत राहतो, त्यामुळे साधं कार्ड लवकर संपतं. त्यात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काच. आता अशा कॅमेऱ्यांसाठीच बनवलेलं, जास्त लिखाण सोसणारं कार्ड घेतलं आहे आणि दर रविवारी गाडी धुताना कालचा व्हिडिओ लावून बघतो. टॅक्सीवाल्या भावांनो, दिव्यावर विश्वास ठेवू नका.

कोल्हापूर, मोबाइल दुरुस्ती

माझ्याकडे येणाऱ्या कार्डांत नकलीच फार. वर २५६ जीबी छापलेलं, आत चिप ८ जीबीची. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरेपर्यंत सगळं ठीक, त्यापुढचं हवेत जातं किंवा आधीच्यावर चढतं. फाइलींची नावं दिसतात, कारण यादी कार्डाच्या सुरुवातीला असते. फाइल मात्र उघडत नाही. भजनं-अभंग भरून न्यायला आलेल्या आजोबांना हे सांगताना वाईट वाटतं. असलं कार्ड विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

नवं कार्ड घेतलं की पहिल्याच दिवशी एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या तपासणीच्या प्रोग्रामने काठोकाठ भरून परत वाचून बघा. वेळ लागतो, पण बदलून घ्यायची मुदत असतानाच खरंखोटं कळतं.

न्यू जर्सी

आई सोलापूरला. तिने तिच्या आईकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या फोनवर म्हणून ठेवल्या होत्या. फोन पाण्यात पडून मेला. कार्ड चांगलं होतं, पण कुठेच वाचेना. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ नंतर, काही फोनमध्ये कार्ड फोनचीच अंतर्गत मेमरी म्हणून जोडायची सोय आली. तसं जोडलं की कार्डावरचं सगळं कुलूपबंद होतं आणि किल्ली त्या फोनमध्येच राहते. आईच्या फोनवर तसंच होतं. तिने बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मोजक्या ओव्या तेवढ्या उरल्या. बाकीच्या आता दर शनिवारी फोनवर पुन्हा म्हणून घेते आहे. तिला आठवतात तोवर. तो मेलेला फोन टाकू की ठेवू?

ठाणे, डेटा रिकव्हरीचं काम

न्यू जर्सीच्या ताई, फोन अजिबात टाकू नका. कार्ड कितीही चांगलं असलं तरी त्या किल्लीशिवाय आम्हीही काही करू शकत नाही. फोनचा बोर्ड दुरुस्त होऊन एकदा जरी सुरू झाला तर ओव्या मिळतील. म्हणून फोन आणि कार्ड दोन्ही एकाच ठिकाणी द्या, आणि तोवर फोन चार्जिंगला लावू नका. पाण्याने जेवढं बिघडत नाही तेवढं ओल्या बोर्डात वीज सोडल्याने बिघडतं.

बाकीच्यांसाठी: मायक्रोएसडीत चिप आणि कंट्रोलर एकाच तुकड्यात ओतलेले असतात. कंट्रोलर गेला तर वरचा थर खरवडून, आतल्या बारीक बिंदूंना केसासारख्या तारा सोल्डर करून चिप थेट वाचावी लागते, आणि मग कंट्रोलरने केलेली उलथापालथ सॉफ्टवेअरने उलटवावी लागते. खर्चिक काम आहे, पण होतं. कार्ड वाकलं किंवा तडकलं तर मात्र फारसं हाती लागत नाही. आमच्याकडे यायच्या आधी विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. ते फाइलींची यादी सरळ करायला जातं आणि तुटलेले धागे फाउंड नावाच्या फोल्डरात सीएचके म्हणून टाकून देतं. आमचं काम तिथेच अवघड होतं. कार्ड गरम लागत असेल तर लगेच काढा, आत शॉर्ट असू शकतं. आणि वर्षानुवर्षं कपाटात पडलेली जुनी कार्डं असतील तर या सुट्टीत हार्डडिस्कवर उतरवून घ्या. पेशीतला विद्युतभार हळूहळू गळतो. झिजलेल्या कार्डात आणि गरम जागेत तो आणखी लवकर गळतो.