मुंबई–लंडन: जाताना जास्त वेळ का लागतो?

प्रश्न (देवगड): लेक लंडनला असते. मुंबईहून विमानाने अंतर किती? जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच, असं का? गावातून कधी निघावं?

उत्तर: सरळ अंतर साधारण ७,२०० किमी, वळसा घ्यावा लागला की वाढतं. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना तोंडावर, येताना पाठीवर. तिकिटावरच्या वेळा थेट वजा करू नका, त्या स्थानिक असतात. लंडन हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे.

दुसरं उत्तर: काका, पावसाळ्यात कोकण रेल्वे मुद्दाम हळू चालवतात, आणि दरड आली की सगळंच अडकतं. कणकवलीहून आदल्या दिवशीचीच गाडी धरा, ठाण्याला उतरून मुक्काम करा. विमानतळावर तीन तास आधी.